साधा ईईजी, रंगीत ब्रेन मॅप की एमआरआय? नाशिकमधील कुटुंबांसाठी तुलनात्मक आढावा

नाशिकमधील एका रुग्णालयात ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींची डोक्यावरून घेतलेली नोंद, काढण्याचे काम मी गेली सव्वीस वर्षे करते आहे. सुरुवातीला कागदाच्या लांबच लांब घड्यांवर शाईच्या लेखण्या धावत असत. आता तीच रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते. या खोलीत येणाऱ्या कुटुंबांच्या हातातील चिठ्ठीवर पूर्वी ‘ईईजी’ एवढेच लिहिलेले असे. आता मात्र अनेकदा ‘ब्रेन मॅपिंग’ असे लिहिलेले असते, आणि ते कोणी सुचवले असे विचारले तर कधी शाळेचे, कधी शिकवणीवर्गाचे, कधी एखाद्या दूरच्या नातेवाइकाचे नाव पुढे येते. सुरगाणा किंवा पेठहून पहाटेची एस.टी. पकडून आलेल्या माणसाने कोणत्या तपासणीवर पैसे खर्च करावेत, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो, कारण तपासणी चुकीची निवडली तर पैशांबरोबर वेळही जातो आणि मेंदूच्या काही आजारांत तो वेळ भरून काढता येत नाही. म्हणून साधा ईईजी, त्यापासून तयार केलेला रंगीत नकाशा, एमआरआय आणि त्यापुढच्या तपासण्या यांची तुलना येथे मांडते आहे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. मात्र कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देऊच शकत नाही, हे मी रोज जवळून पाहते.

शब्द एक, तपासण्या अनेक

‘ब्रेन मॅपिंग’ या नावाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी वावरतात. पहिली म्हणजे डोक्यावरून नोंदलेल्या विद्युतलहरींचे संगणकाने गणित करून तयार केलेला रंगीत नकाशा. वैद्यकात त्याला क्यूईईजी म्हणतात. दुसरी म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, रुग्ण जागा असताना, मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतस्पर्श करून हालचालीची आणि भाषेची केंद्रे शोधणे. कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांनी ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजवली आणि ती आजही वापरली जाते. तिसरी म्हणजे पोलीस तपासातील ‘ब्रेन मॅपिंग’, जी महाराष्ट्रात वर्तमानपत्रांमुळे सर्वांत जास्त ठाऊक झाली. संशयिताच्या संमतीशिवाय ती करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला. आपल्या घरातील रुग्णाचा या तिसऱ्या प्रकाराशी काहीही संबंध नसतो, तरीही ‘मनातले सगळे कळते’ ही समजूत तिथूनच आलेली असते आणि ती तपासणीच्या खोलीपर्यंत सोबत येते. एका आजोबांनी मला अगदी गंभीरपणे विचारले होते की, नातू अभ्यास करतो म्हणून सांगतो ते खरे की खोटे, हे नोंदीसाठी डोक्याला लावायच्या या टोपीवरून समजेल का. तसे काहीही समजत नाही.

लहरी म्हणजे नेमके काय

इंग्लंडमधील लिव्हरपूलचे वैद्य रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये प्राण्यांच्या उघड्या मेंदूवरून विद्युतप्रवाह वाहत असल्याचे नोंदवले. माणसाच्या डोक्यावरून अशी नोंद प्रथम घेतली ती जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये, आणि पाच वर्षे पुन्हा पुन्हा खात्री करून १९२९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तरुणपणी बर्गर लष्करी सरावात मरता मरता वाचले आणि त्याच दिवशी दूर असलेल्या त्यांच्या बहिणीला अकारण काळजी वाटून घरून तार आली. या अनुभवामुळे मनाची ऊर्जा मोजण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. त्यांना मन सापडले नाही. त्यांना सापडली ती डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात दिसणारी, सेकंदाला सुमारे दहा वेळा हेलकावणारी एक संथ लय, जिला आपण अल्फा म्हणतो. रंगीत नकाशाच्या जाहिराती वाचताना मला बर्गर यांची ही गोष्ट आठवते, कारण आजही लोक मन शोधायला येतात आणि यंत्र त्यांना लय दाखवते.

ही लय किती क्षीण असते याची कल्पना यावी म्हणून सांगते. हृदयाची पट्टी काढताना मिळणारा संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा असतो, तर ईईजीतील संकेत १० ते १०० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे त्याच्या दहाव्या ते शंभराव्या भागाएवढा असतो. मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे वरच्या थरातील, असंख्य पेशींवर एकाच वेळी होणाऱ्या विद्युतबदलांची बेरीज झाली, तरच तो कवटीबाहेर पोचतो. तीक्ष्ण लहर, म्हणजे आकडीच्या आजाराकडे बोट दाखवणारी टोकदार लहर, डोक्यावरून दिसण्यासाठी बाह्यकाचा सुमारे ६ ते १० चौरस सेंटीमीटरचा भाग एकत्र पेटावा लागतो, असे मानले जाते. खोल भागात, म्हणजे स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये किंवा थॅलॅमसमध्ये, काय चालले आहे ते या पद्धतीने थेट दिसत नाही. शिवाय कवटी हा संकेत पसरवून टाकते, जणू धुक्याने भरलेल्या काचेमागचा दिवा. दिवा लागला हे कळते, पण नेमका कुठे लागला हे ढोबळच कळते.

याउलट वेळेच्या बाबतीत ईईजीची बरोबरी फार थोड्या तपासण्या करू शकतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात झालेला बदलही तो टिपतो. सेकंदाला चारपेक्षा कमी वेळा येणाऱ्या डेल्टा लहरी गाढ झोपेत असतात, ४ ते ८ च्या दरम्यानच्या थीटा गुंगीत वाढतात, ८ ते १३ ची अल्फा शांत जागेपणी दिसते आणि १३ ते ३० ची बीटा डोळे उघडे असताना किंवा काही औषधांच्या प्रभावाखाली ठळक होते. कोणतीही लहर चांगली किंवा वाईट नसते. ती कोणत्या वयात, कोणत्या अवस्थेत आणि डोक्याच्या कोणत्या भागावर दिसते, यावर तिचा अर्थ ठरतो.

साधा आलेख आणि रंगीत नकाशा

आता मुख्य तुलनेकडे येते. बाहेरून पाहता दोन्ही तपासण्या सारख्याच दिसतात. १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेल्या १०-२० पद्धतीनुसार नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर फितीने मोजून, त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा करून डोक्यावर एकोणीस इलेक्ट्रोड, म्हणजे संकेत टिपणाऱ्या छोट्या चकत्या, बसवले जातात. फरक पडतो तो नोंद झाल्यानंतर. साध्या ईईजीत मेंदूविकारतज्ज्ञ ती संपूर्ण नोंद स्वतः पानोपानी वाचतात: इथे डोळ्यांची उघडझाप आहे, इथे मूल पेंगले, इथे मात्र डाव्या कानशिलावर तीक्ष्ण लहर आली. क्यूईईजीत त्या नोंदीतील काही मिनिटे निवडली जातात, गणिताच्या साहाय्याने प्रत्येक इलेक्ट्रोडखाली कोणत्या वारंवारितेची, म्हणजे सेकंदाला किती वेळा येणाऱ्या लहरींची, किती शक्ती आहे हे काढले जाते, ते आकडे निरोगी माणसांच्या एका संग्रहाशी ताडून पाहिले जातात, आणि सरासरीपासूनचे अंतर निळ्या-हिरव्या-लाल रंगांत रंगवले जाते.

रंग डोळ्यांना पटकन पटतात, आणि माझी मुख्य हरकत इथेच आहे. डोळ्यांची उघडझाप कपाळावरच्या इलेक्ट्रोडखाली अगदी डेल्टासारखी दिसते. दात आवळले तर जबड्याचे स्नायू बीटा वाढवतात, घाम आला तर रेघ संथ डुलते, आणि मूल कंटाळून पेंगले की थीटा वाढते. कच्च्या नोंदीत या गोष्टी अनुभवी डोळ्याला लगेच ओळखू येतात. एकदा सरासरी काढून नकाशा रंगवला की त्या सगळ्या ‘मेंदूच्या’ होऊन बसतात. दिंडोरी तालुक्यातून आलेल्या एका कुटुंबाने मला एका खासगी केंद्रातून करून आणलेला जाडजूड रंगीत अहवाल दाखवला होता. कपाळाच्या भागात गडद लाल रंग होता आणि त्याखाली मुलाच्या स्वभावाबद्दल मोठी विधाने होती. सुदैवाने त्यांच्याजवळ कच्च्या नोंदीची फाइलही होती. ती आमच्या डॉक्टरांसोबत उघडून पाहिली, तेव्हा निवडलेल्या मिनिटांत ते मूल सतत डोळे मिचकावत होते, एवढेच त्या लाल रंगाचे कारण निघाले. त्या आईने चार महिने त्या अहवालाची धास्ती घेतली होती.

दुसरी अडचण निखळ अंकगणिताची आहे. एकोणीस इलेक्ट्रोड आणि पाच वारंवारिता-पट्टे (वर सांगितलेले चार आणि त्यांहून वेगवान गॅमा) धरले तर ९५ आकडे तयार होतात. सरासरीपासून दोन प्रमाण-विचलनांपलीकडचा (म्हणजे निरोगी माणसांतील सुमारे ९५ टक्के आकडे ज्या मर्यादेत येतात तिच्या बाहेरचा) आकडा ‘असामान्य’ मानला, तर पूर्णपणे निरोगी माणसाच्या नकाशातही केवळ योगायोगाने त्यांतील चार-पाच आकडे रंगून येणार. इलेक्ट्रोडच्या जोड्यांमधील मेळ मोजायला घेतला तर १७१ जोड्या होतात, पाच पट्ट्यांचे मिळून ८५५ आकडे होतात, आणि त्यांतील चाळिसेक आकडे कोणताही दोष नसताना मर्यादेबाहेर जाऊ शकतात. एवढ्या आकड्यांतून हवे ते निवडून सोयीची गोष्ट सांगणे अवघड नसते. याशिवाय तुलनेचा संग्रह कोणत्या देशातील, कोणत्या वयोगटातील माणसांचा आहे, त्यांनी नोंदीआधी किती झोप घेतली होती, औषधे चालू होती का, हे प्रश्न अहवालात बहुधा अनुत्तरितच असतात.

म्हणून क्यूईईजी निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्णाची चोवीस तासांची नोंद पानोपानी वाचणे शक्य नसते; तेव्हा तासन्‌तासांची नोंद एका रंगीत पट्टीत आकसून दाखवणारे हेच गणित बाहेरून न दिसणारी आकडी पकडायला मदत करते. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो आहे का, यावर लक्ष ठेवायला ते उपयोगी पडते. शेकडो माणसांच्या नोंदी एकत्र तपासून झोप, वार्धक्य, ध्यान यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचे तर त्याशिवाय पानही हलत नाही. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्ये घेतलेली भूमिका मला आजही योग्य वाटते. आकडी शोधणे, अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह येथे, अनुभवी तज्ज्ञाने साध्या ईईजीच्या जोडीने वापरल्यास क्यूईईजी उपयुक्त आहे; डोक्याला मार लागल्यानंतरच्या सौम्य तक्रारी, अध्ययन-अडचणी, अवधानदोष, नैराश्य यांच्या निदानासाठी ते प्रायोगिक आहे, असे त्या अहवालाचे सार होते.

तेव्हा या दोघांत निवड करायची असेल तर माझे उत्तर स्पष्ट आहे. आकडी, बेशुद्धी किंवा अचानक वागण्यात झालेला बदल यांसाठी तज्ज्ञाने वाचलेला साधा ईईजी आधी करावा. रंगीत नकाशा हवाच असेल तर तो त्याच नोंदीवरून, त्याच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तयार व्हावा, आणि कच्ची नोंद फाइलच्या रूपात मागून घ्यावी. जे केंद्र कच्ची नोंद देण्यास नकार देते, तिथे तपासणी करू नये.

आलेख आणि एमआरआय

“ईईजी कशाला, थेट एमआरआयच करून टाकू,” हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. एमआरआय अधिक खर्चाचा असतो, म्हणून तो अधिक मोठा आणि त्यात सगळे येत असेल, असा त्यामागचा विचार असतो. वास्तविक या दोन तपासण्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, व्रण, जन्मतः राहिलेली विकृती, आकसलेला हिप्पोकॅम्पस. ती रचना काम कशी करते आहे, हे साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही. वाड्याची एकेक भिंत नीट पाहिली, तरी आत राहणाऱ्यांत भांडण चालू आहे की नाही हे भिंतींवरून कळत नाही. तीव्र अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेल्या अनेक मुलांचा एमआरआय पूर्णपणे निर्दोष येतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे फिट येण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी. त्या कृमीची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे पूर्ण शाकाहारी घरांतही हा आजार आढळतो. ईईजीत फार तर त्या भागातील लहरी बिघडलेल्या दिसतील. गाठ दिसेल ती एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्येच, आणि वाळून चुन्यासारखी कडक झालेली जुनी गाठ तर सीटीमध्ये अधिक ठळक दिसते. म्हणून मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली असेल, तर डॉक्टर बहुधा दोन्ही तपासण्या सांगतात, आणि ते योग्यच असते.

ईईजी निर्दोष आला म्हणजे फिट नव्हतीच, असेही होत नाही. पहिल्या साध्या नोंदीत अपस्माराच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्येच खुणा सापडतात. झोपेतली नोंद घेतली आणि तपासणी पुन्हा पुन्हा केली तर हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. दुसरीकडे कधीही फिट न आलेल्या निरोगी मुलांपैकीही २ ते ४ टक्क्यांच्या नोंदीत तीक्ष्ण लहरी दिसू शकतात, त्यामुळे केवळ अहवालावरून औषध सुरू होत नाही. सर्वांत मोलाचा पुरावा असतो तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे वर्णन. फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्यात वेळ घालवू नये; त्याला कुशीवर वळवावे, जवळची टोकदार वस्तू दूर करावी, तोंडात काहीही घालू नये, आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीने मोबाइलवर चित्रीकरण करावे. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर थेट रुग्णालय गाठावे. ते एका मिनिटाचे चित्रीकरण डॉक्टरांना कधी कधी माझ्या अर्ध्या तासाच्या नोंदीपेक्षा अधिक सांगून जाते.

डोकेदुखीसाठी ईईजीचा नेहमीच्या तपासणीत उपयोग नाही. उभे राहिल्यावर चक्कर येऊन पडणाऱ्या माणसाची आधी हृदयाची पट्टी काढायला हवी.

शाळेत लक्ष न लागणारे मूल

रंगीत नकाशासाठी सर्वांत जास्त मुले आणली जातात ती याच कारणाने. गंगापूर रोडवरील असोत की सिडकोतील, पालकांची तळमळ सारखीच असते, आणि या तळमळीचा आदर ठेवूनच मला हे सांगायचे आहे की अवधानदोषाचे, म्हणजे एडीएचडीचे, निदान लहरींवरून होत नाही. ते लक्षणांवरून होते: लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ आहेत का, बारा वर्षांच्या आधी सुरू झाली का, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का. यासाठी पालक आणि शिक्षक यांच्याकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, मुलाशी आणि पालकांशी सविस्तर बोलणे, दृष्टी व श्रवण यांची तपासणी आणि झोपेची चौकशी लागते. थीटा आणि बीटा यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या एका उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली होती, पण ती डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून होती. २०१६ मध्ये तेथीलच मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने, या गुणोत्तराने नेहमीच्या तपासणीची जागा घेऊ नये, असा सल्ला दिला.

नकाशाच्या पाठोपाठ बहुतेक वेळा ‘न्यूरोफीडबॅक’च्या सत्रांचे पॅकेज सुचवले जाते. मुलाने पडद्यावरचा खेळ स्वतःच्या लहरींनी चालवायचा आणि त्यातून लक्ष सुधारायचे, अशी त्याची कल्पना आहे. कल्पना सुंदर आहे. मात्र ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत, ज्यांना खरे प्रशिक्षण मिळाले आणि ज्यांना दुसऱ्याच मुलाच्या नोंदीवर चालणारा दिखाऊ खेळ मिळाला, त्या दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच आढळली. सुधारणा झाली, हे खरे. परंतु ती लहरी बदलल्यामुळे झाली, असे सिद्ध झाले नाही. मोठी रक्कम आगाऊ भरण्याआधी पालकांनी या फरकाचा विचार करावा.

वाचन-लेखन किंवा गणितात विशिष्ट अडचण असेल तर मार्ग आणखी वेगळा आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे, आणि तिच्या मूल्यमापनासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने विकसित केलेला चाचणीसंच वापरला जातो, ज्यात मुलाला वाचायला, लिहायला, गणिते सोडवायला लावतात. दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात त्या या मूल्यमापनानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर. रंगीत नकाशावर मिळत नाहीत. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या डीएमआयटी नावाच्या प्रकाराला तर कोणताही शास्त्रीय आधार नाही, आणि त्याला ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

एका बाबतीत मात्र शाळेच्या तक्रारीसाठी साधा ईईजी अत्यंत मोलाचा ठरतो. मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद थबकते, नजर शून्यात जाते, हाक मारली तरी भान येत नाही, आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात वाक्य पुढे चालू होते. असे दिवसातून अनेकदा होत असेल तर तो ‘अ‍ॅब्सन्स’ प्रकारचा अपस्मार असू शकतो. साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांत तो सुरू होतो आणि शिक्षक त्याला ‘तंद्री’ म्हणतात. अशा मुलाला मी तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावते, लहान असेल तर हातात कागदाची भिरभिरी देते. ती फिरता फिरता थांबते आणि त्याच क्षणी पडद्यावर सेकंदाला तीन या ठेक्यात काटेरी लहरींची रांग उमटते. या दृश्यासाठी कोणत्याही रंगाची गरज नसते. योग्य औषधाने बहुतेक मुलांची ही तंद्री थांबते. पंचवटीतील एका मुलीला दोन वर्षे ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खावी लागली होती आणि उत्तर त्या तीन मिनिटांत होते, हे मला अजून बोचते.

पुढच्या तपासण्या आणि नाशिकबाहेरचा प्रवास

फंक्शनल एमआरआय हीदेखील मेंदूचे कार्य दाखवणारी तपासणी आहे. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत बदलतो, आणि त्यावरून मेंदूचा कोणता भाग अधिक काम करतो आहे हे काही मिलिमीटरपर्यंत सांगता येते. मात्र रक्तप्रवाहाचा हा प्रतिसाद पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो, म्हणून ईईजीला जिथे ‘केव्हा’ कळते तिथे याला ‘कुठे’ कळते. इथेही रंग फसवू शकतात: २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेल्या सॅल्मन माशाला यंत्रात ठेवून, आकड्यांची योग्य दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ रंगून येते, हे दाखवले होते. उपचारात या तपासणीचा खरा उपयोग मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी भाषेची आणि हालचालीची केंद्रे ओळखण्यासाठी होतो. पेट स्कॅन मेंदूने वापरलेली साखर दाखवतो. एमईजी ही लहरींचे चुंबकीय रूप टिपणारी तपासणी आहे. तो संकेत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असल्याने तिला खास संरक्षित खोली लागते आणि देशात ती निम्हान्ससारख्या मोजक्याच ठिकाणी आहे. या तिन्ही तपासण्या स्वतःहून मागण्याच्या नाहीत.

ज्या एका पुढच्या तपासणीसाठी प्रवास करणे सार्थकी लागते ती म्हणजे दीर्घकाळचा व्हिडिओ ईईजी. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, किंवा झटके अपस्माराचे आहेत की मानसिक ताणातून येणारे आहेत अशी शंका असेल, तर रुग्णाला काही दिवस दाखल करून कॅमेरा आणि ईईजी एकत्र चालू ठेवतात आणि प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी लहरी काय करतात ते पाहतात. ताणातून येणाऱ्या झटक्यांना कोणी नाटक समजू नये. तोही आजारच आहे, फक्त त्याचे उपचार वेगळे आहेत आणि वर्षानुवर्षे अपस्माराच्या गोळ्या खाऊन तो बरा होत नाही. ही सोय जवळ आहे का, हे आधी आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे. नसल्यास मुंबई सुमारे १७० किलोमीटरवर आहे. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अपस्मार-शस्त्रक्रियेचा कार्यक्रम चालू आहे. फिट येणाऱ्या माणसाने कसारा घाटातून स्वतः गाडी चालवत नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते, कारण तसे करणारे मी पाहिले आहेत.

तपासणीला येताना

केस आदल्या दिवशी धुवावेत आणि तेल अजिबात लावू नये. खोबरेल चोपडलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत आणि अर्धी नोंद खरखरीतच निघून जाते. जेवून यावे. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. अपस्माराची गोळी अचानक थांबवल्यास धोकादायक झटके येऊ शकतात. झोप कमी घेऊन येण्यास सांगितले असेल तर लहान मुलाला प्रवासात झोपू देऊ नये, कारण सिन्नरपासून नाशिकपर्यंतची एक डुलकीसुद्धा इथली झोप घालवते. विजेचा झटका बसत नाही. यंत्र डोक्यात काहीही सोडत नाही, फक्त ऐकते. लखलखणारा दिवा डोळ्यांसमोर धरतात तो थोडा त्रासदायक वाटू शकतो.

आणि केंद्र निवडताना फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: नोंद कोण वाचणार आहे आणि ते मेंदूविकारतज्ज्ञ आहेत का, झोपेतली नोंद घेतली जाईल का, आणि कच्च्या नोंदीची फाइल सोबत मिळेल का. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना मात्र एकच विचारावे, की ही तपासणी सदोष आली किंवा निर्दोष आली, तर उपचारात काय बदलणार आहे. काहीच बदलणार नसेल तर ती आज केली नाही तरी चालते, आणि त्या दिवशीचे एस.टी.चे तिकीटही वाचते.